घराच्या वादात कोणाचे दार ठोठावायचे?

मालमत्ता कराची विशेष नोटीस बहुतेक घरांत टीव्हीच्या टेबलावर पडून राहते. ‘बिल आले की बघू’ म्हणून ती बाजूला सरकवली जाते. पुढे बिल येते, आकडा पाहून घरातले हादरतात आणि मग धावपळ सुरू होते. कोणी वॉर्ड ऑफिसात ओळख काढतो, कोणी माजी नगरसेवकाला फोन लावतो, कोणी ‘कर कमी करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती कागदांची फाइल सोपवतो. तोवर सगळ्यात मोलाची गोष्ट हातातून गेलेली असते, ती म्हणजे हरकत घेण्याची मुदत.

मुंबई सोडून राज्यातल्या बाकी महानगरपालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ४०६ नुसार करआकारणीविरुद्ध न्यायालयात अपील करता येते, पण त्यासाठी मिळतात फक्त १५ दिवस. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ सालचा. तिथे कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील जाते आणि तिथलीही मुदत आठवड्यांतच मोजावी लागते. पुण्यात हे अपील लघुवाद न्यायालय ऐकते, इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. गावात घरपट्टीची आकारणी पटली नाही, तर ग्रामपंचायतीच्या निर्णयावर पंचायत समितीकडे दाद मागता येते.

म्हणजे दरवाजे आहेत आणि कायद्याने ते साध्या माणसासाठीच ठेवले आहेत. घराच्या, जमिनीच्या आणि कराच्या भांडणात लोक हरतात ते पुष्कळदा बाजू खोटी असते म्हणून नव्हे. चुकीच्या दारात उभे राहण्यात त्यांची वर्षे जातात आणि बरोबर दार सापडते तेव्हा मुदत संपलेली असते. कायदेशीर मदत म्हणजे नुसता काळा कोट घातलेला माणूस नव्हे. कोणत्या कागदासाठी कोणाकडे आणि किती दिवसांत जायचे, हे वेळेवर कळणे ही त्या मदतीतली पहिली आणि अनेकदा सर्वांत उपयोगी गोष्ट असते.

कराच्या अपिलात आणखी दोन अडसर आहेत आणि ते आधीच माहीत असलेले बरे. करपात्र किंवा भांडवली मूल्य चुकीचे ठरवले अशी तक्रार असेल, तर ती आधी आयुक्तांकडे लेखी नोंदवावी लागते. तिचा निकाल लागल्याशिवाय न्यायालय अपील ऐकत नाही. दुसरे म्हणजे, बिल हाती पडल्यावर अपील करायचे तर बिलाची रक्कम आधी महापालिकेकडे जमा करावी लागते. ही अट लोकांना अन्यायाची वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण अहमदाबादच्या अनंत मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच ती वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे त्यावर अट घालण्याचा अधिकारही कायदेमंडळाला आहे, अशी त्यामागची भूमिका होती. नोटीस आल्याबरोबर हरकत घेण्याचा खरा फायदा इथे कळतो. वाद बिलापर्यंत पोचण्याआधीच मिटला, तर पैसे अडकत नाहीत. शिवाय बिल थकवून ठेवणे हा काही लढण्याचा मार्ग नाही. महानगरपालिकांमध्ये थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते आणि पुढे जप्तीची कारवाई होते.

हरकतीत लिहायचे काय? ‘कर फार जास्त आहे, कृपया कमी करावा’ एवढ्याने काही होत नाही. आकारणी कशावर उभी आहे ते पाहून नेमकी चूक दाखवावी लागते. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्र, वापर निवासी की व्यापारी, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय या सगळ्यांचा त्यात गुणाकार असतो. पुण्यासारख्या शहरांत घराचे वार्षिक भाडे किती येऊ शकेल हे धरून आणि त्यातून दुरुस्तीपोटी वजावट देऊन करयोग्य मूल्य काढतात. दोन्ही पद्धतींत चुकीच्या जागा ठरलेल्या आहेत. क्षेत्रफळ जास्त लिहिलेले असते, बंद गॅलरी खोली म्हणून धरलेली असते, राहत्या घराला बिगरनिवासी दर लागतो किंवा तीस वर्षांची इमारत नवी दाखवली जाते. अशा वेळी मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, नोंदणीकृत करारनामा आणि वीजबिल हे चार कागद पानभर विनंतीपेक्षा जास्त बोलतात.

पुण्यातली ४० टक्के सवलतीची गोष्ट या बाबतीत फार शिकवणारी आहे. मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत, ही पुण्यात १९७० पासून चालत आलेली पद्धत. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आले आणि २०१९ च्या सुमारास ती अडचणीत सापडली. नव्याने नोंदलेल्या मिळकतींना सवलत मिळेना. अनेक जुन्या मालकांची सवलत पाहणीनंतर निघाली आणि त्यांच्या हातात फरकाच्या रकमेची बिले पडली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला, ‘तुम्ही इथे राहत नाही’ असे कागदाने सांगितले. नागरिकांच्या संघटना, स्थानिक कार्यकर्ते आणि लोकप्रतिनिधी यांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा २०२३ मध्ये राज्य सरकारने सवलत पुन्हा लागू केली. पण ज्यांची सवलत निघाली होती किंवा ज्यांना ती मिळालीच नव्हती, त्यांना पीटी-३ हा अर्ज आणि तिथे राहत असल्याचे पुरावे द्यावे लागले. हक्क परत मिळाला तरी तो आपोआप बिलावर उतरत नाही. अर्ज करणाऱ्याच्याच बिलावर तो उतरतो.

याहून मोठी लढाई मुंबईत झाली. महापालिकेने २०१० आणि २०१५ साली केलेल्या भांडवली मूल्याच्या नियमांत एक वादग्रस्त गोष्ट होती. जमिनीवर आज काय उभे आहे एवढेच न पाहता, तिथे पुढे किती चटई निर्देशांक वापरता येईल याचाही मूल्य काढताना विचार होत होता. म्हणजे जी इमारत अजून बांधलेलीच नाही तिची छाया आजच्या करावर पडत होती. मालमत्ताधारकांची संघटना उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम २०, २१ आणि २२ रद्द केले. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथेही निकाल कायम राहिला. जमिनीचे मूल्य तिच्या आजच्या स्थितीवर ठरवायचे, उद्याच्या शक्यतेवर नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. एकट्या-दुकट्या मालकाला हे झेपले नसते. एकाच नियमाने शंभर घरांना फटका बसतो तेव्हा शंभर स्वतंत्र हरकती देण्यापेक्षा संघटनेने नियमालाच आव्हान देणे जास्त शहाणपणाचे असते. मात्र आपापली हरकत मुदतीत नोंदवून ठेवणे तेव्हाही चुकवू नये.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्राच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्यामुळे या मर्यादेच्या थोडेसे वर असलेल्या घरांसाठी मोजणीतल्या एकेका चौरस फुटाला महत्त्व आले आहे. घर ४९५ फुटांचे असून नोंद ५०५ ची असेल, तर ती दुरुस्त करून घेण्यात कुटुंबाचा दरवर्षीचा पैसा वाचतो.

आता फ्लॅटकडे वळू. ताबा मिळत नाही, मिळाला तर भिंतींतून पाणी झिरपते, वाहनतळाची जागा दोघांना विकलेली निघते. २०१७ पूर्वी अशा माणसाला ग्राहक मंच किंवा दिवाणी न्यायालय एवढेच पर्याय होते. स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच दिवशी महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, काम सुरू झाले. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

कलम १८ हे या कायद्याचे खरे बळ. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदराहून दोन टक्के जास्त धरतात. न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा हा हक्क बिनशर्त असल्याचे सांगितले. तक्रार ऑनलाइन दाखल होते, फी ५ हजार रुपये. वकील असलाच पाहिजे असे नाही. ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो किंवा चार्टर्ड अकाउंटंटलाही उभे करू शकतो. महारेराने २०१८ पासून सलोखा मंचही चालवला आहे. त्यात ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचे या कामातले योगदान मोठे आहे.

कराच्या अपिलात नागरिकाला आधी पैसे भरावे लागतात, तसेच रेराच्या अपिलात बिल्डरलाही भरावे लागतात. ग्राहकाला द्यायची संपूर्ण रक्कम व्याजासकट जमा केल्याशिवाय त्याचे अपील न्यायाधिकरण ऐकत नाही. पण महारेराचा आदेश हाती आला म्हणजे पैसे खात्यात आले असे नव्हे, आणि अनेक ग्राहकांची खरी निराशा इथेच होते. बिल्डरने आदेश पाळला नाही तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली वॉरंट जाते, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली सुरू होते आणि तहसील कार्यालयात चकरा मारणे ग्राहकाच्या नशिबी येते. बिल्डरच्या कोणत्या मालमत्ता कुठे आहेत, याची माहिती ग्राहकांनी एकत्र येऊन गोळा करून दिली तर कामाला वेग येतो. हे काम सरकारी यंत्रणेने स्वतःहून करायला हवे. आदेश मिळवायला एक लढाई आणि तो अमलात आणायला दुसरी, ही स्थिती ग्राहकांवर अन्याय करणारी आहे.

जुन्या सोसायट्यांचे दुखणे निराळे. इमारत उभी राहून पंचवीस वर्षे झाली, लोक राहतात, देखभाल खर्च भरतात आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की कळते, जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकी, कायद्याने सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करणे बिल्डरवर बंधनकारक केले होते, पण अनेकांनी ते केलेच नाही. म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, लोकांच्या तोंडी ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, तरतूद आली. आता सोसायटी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते. बिल्डर आला नाही किंवा त्याने सही नाकारली, तरी सुनावणी होऊन आदेश निघतो. पुढे मुद्रांक, नोंदणी आणि मिळकत पत्रिकेवर सोसायटीचे नाव. ज्या सोसायट्या आदेश मिळवून थांबतात त्या अर्ध्यावरच थांबतात, कारण मिळकत पत्रिकेवर नाव लागल्याशिवाय पुनर्विकासाच्या वेळी वाद पुन्हा डोके वर काढतो. वाहनतळाबाबतही एक गोष्ट पक्की आहे. इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची जागा स्वतंत्र विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्याच पांचाली सोसायटीच्या प्रकरणात ठरवले.

कराच्या बिलावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समज शहरात घट्ट आहे. गावात त्याची जागा सातबारा घेतो. दोन्ही नोंदी कर आणि महसूल कोणाकडून घ्यायचा यासाठी असतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. तरीही वडील गेले की भाऊ तलाठ्याकडे वारस नोंद करतात, बहिणींची नावे गाळली जातात किंवा हक्कसोड पत्रावर घाईने सह्या घेतल्या जातात. त्या बहिणीला ‘सातबारावर तुझे नावच नाही’ असे सांगितले की ती गप्प बसते. खरे तर नाव नसल्याने तिचा हक्क संपत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच काही अटींसह मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला. २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही.

फेरफारावर तलाठी नोटीस काढतो तेव्हा १५ दिवसांत लेखी हरकत देता येते. हरकत आली की नोंद तक्रारी होते आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस. पण वाटा कोणाचा आणि किती, हे शेवटी दिवाणी न्यायालयच ठरवते. तिथे वाटपाचा दावा लावावा लागतो. महसुली अपिलांत दहा वर्षे घालवून नंतर दिवाणी दावा लावणारी कुटुंबे थोडी नाहीत. शेजाऱ्यांच्या एका वादाला मात्र आता वेगळा रस्ता आहे. एकाच्या नावावरची जमीन दुसरा आणि दुसऱ्याची पहिला कसत असेल आणि असे किमान बारा वर्षे चालू असेल, तर २०२३ पासूनच्या सलोखा योजनेत अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्कात करता येतो.

वाटा मागणाऱ्या बहिणीपुढे पहिला प्रश्न पैशाचा असतो. तिला सहसा कोणी सांगत नाही ते हे की, सरकारी खर्चाने वकील मिळणे हा तिचा कायदेशीर हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक आणि आपत्तीग्रस्त यांना मोफत विधी साहाय्य देते. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. ही मदत फौजदारी खटल्यापुरती नाही. वाटपाचा दावा, ताब्याचा दावा, अपील अशा प्रकरणांतही ती मिळते. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादांतल्या महिला पक्षकारांना कोर्ट फीतही सूट दिली आहे. आपल्या दाव्याला ती लागू होते का, हे प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे.

दुसरा मार्ग लोकअदालतीचा. तिथे तडजोड झाली तर निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. महापालिका थकीत कराची प्रकरणेही राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात आणि पुष्कळदा शास्तीत सूट देतात. पण आकारणीच चुकीची असेल, तर केवळ शास्ती माफ होते म्हणून घाईने सही करू नये. मूळ आकडा मान्य केला की पुढची प्रत्येक वर्षाची आकारणी त्यावर उभी राहते.

खासगी वकील नेमताना आणि घर घेतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. ‘जिंकलो तर जमिनीतला इतका हिस्सा द्या’ अशी बोली वकिलाला करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी ती निषिद्ध आहे. असा सौदा मांडणारा माणूस वकील असेल तर नियम मोडतो आहे आणि वकील नसेल तर त्याच्याशी बोलणेच थांबवावे. आणि कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर घर विकत घेऊ नये. अशा व्यवहाराने मालकी खरेदीदाराकडे जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात ठामपणे सांगितले. परदेशात राहून पुण्या-नाशिकचा फ्लॅट भावाच्या किंवा मित्राच्या भरवशावर सोडणाऱ्यांनी मुखत्यारपत्रात नेमके कोणते अधिकार देत आहोत ते एकेक लिहावे. ‘सर्व अधिकार’ हे दोन शब्द टाळावेत.

विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत ओळखपत्र, लागू असेल तर जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, आलेल्या नोटिशीची प्रत, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि असेल तो करारनामा न्यावा. ज्या पाकिटातून नोटीस आली ते पाकीटही फेकू नये. नोटीस कधी मिळाली यावर वाद झाला, तर त्यावरचा टपालाचा शिक्का पुरावा म्हणून दाखवता येतो.